कोंडवाड्यात जन्मलेली कुसुम

बोरगावच्या कुसुमबाईला जन्मगाव विचारलेलं खपत नसे. बेचाळीसच्या चळवळीत इंग्रजांच्या पोलिसांनी तिच्या बापाचं अख्खं गाव, बायामाणसांसकट, गुरांच्या कोंडवाड्यात डांबलं होतं. तिथेच, शेणामुतात, ती जन्मली. आई लवकर गेली, मामाने तिला बोरगावला आणलं. मागोमाग लोकांची जीभही आली. "गावच्या साऱ्या गड्यांदेखत झालेली पोर," असं एका भांडणात कुणीतरी बोललं आणि ते तिला जन्मभर चिकटलं. संत्र्याच्या तोडणीला कुसुमबाई सगळ्यांची टिंगल करायची, पण आईचा विषय निघाला की टोपली उचलून दुसऱ्या झाडाकडे वळायची. मेलेल्या आईची लाज तीच सांभाळत आली होती.

चौऱ्याऐंशीत बातमी आली की तो कोंडवाडा आता पाडायचा नाही, जतन करायचा. त्या गावच्या शाळेचे विनायक गुरुजी पोरांना तिथे नेऊन सगळं सांगणार. सगळं म्हणजे तेही. आपल्या जन्माचं तेवढं वगळा, हे सांगायला कुसुमबाईने मिळेल ती बस धरली.

ती पोचली तेव्हा गुरुजी कोंडवाड्यात कवडूबाबांशी बोलत होते. डांबलेल्या गड्यांपैकी आता हा एकच म्हातारा उरला होता. कुसुमबाई दारातच थबकली. पाणी कोण द्यायचं, निजायचं कुठे, म्हातारा खुशाल सांगत होता. मग गुरुजींनी आवाज उतरवला.

"बाबा, ते बाळंतपण कोणत्या कोपऱ्यात झालं?"

"मले का माहीत?"

"तुम्ही इथंच होते ना?"

"होतो ना. पण भिंतीकडे तोंड करून. सारेच गडी. आमच्यातला पाणी वाटणारा शालिकराम म्हणे, जो मांगं पाहीन त्याचं पाणी बंद. दुपारभर उन्हात तसेच उभे होतो. मले हा गोटा तेवढा याद आहे." त्याने नाकासमोरच्या दगडावर हात ठेवला. "पोर रडली तवा समजलं. तरी बायांनी सांगेपर्यंत कोणी वळलं नाही."

"मंग हे कोणाले सांगितलं काऊन नाही?"

म्हातारा चिडला. "बाईच्या बाळंतपणाची गोष्ट गड्यानं काढा लागते का?"

घ्या. भल्या माणसांनी मर्यादा पाळून तोंडं शिवली, आणि बोलायला उरले ते तिथे नसलेले.

कुसुमबाई उंबऱ्यावरच बसली आणि पोटभर रडली. इतकं हलकं तिला कधीच वाटलं नव्हतं. कोण बाई म्हणून गुरुजी धावले.

"इथं झालेली पोर मीच," ती डोळे पुसत म्हणाली. "गुरुजी, पोरायले कवा आणून राहिले? मीच येतो सांगाले. माह्या मायचं नाव जयवंता होतं, तेही सांगतो."