माहेरच्या नावांचा गठ्ठा

चंद्रभानने बत्तीस वर्षं एकच खोली सांभाळली. ग्रामीण रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, औषधांच्या कोठाराला लागून, एक खिडकी आणि चार लोखंडी मांडण्या असलेली. सरकारी दप्तरात तो शिपाई होता. पण देवळी ते पुलगाव या पट्ट्यातल्या कोणत्याही गावात जाऊन विचारा, लोक त्याला ‘कागदवाले भाऊ’ म्हणायचे.

त्याच्या खोलीत जुने केसपेपर असत. ते त्याने नंबरावारी लावलेच नव्हते. गावावारी लावले होते, आणि एकेका गावाचा गठ्ठा जुन्या लुगड्याच्या वेगळ्या रंगाच्या पट्टीने बांधला होता. नाचणगाव हिरव्या पट्टीत. पलीकडची गावं निळ्या, जांभळ्या. माणूस दारात आला की चंद्रभान आधी गाव विचारी, मग आजाचं नाव विचारी, आणि चहाला उकळी फुटायच्या आत दहा वर्षांपूर्वीचा कागद त्या माणसाच्या हातात असे. डॉक्टर बदलून गेले, नर्सा बदलून गेल्या. ही खोली आणि हा माणूस तेवढा जागचा हलला नाही.

एक गठ्ठा मात्र कोणत्याच गावाचा नव्हता. तो पिवळ्या पट्टीत होता. आपल्याकडे लग्नात पोरीचं नाव बदलतात. नवरदेव ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितो, आणि बापाघरची रुपा त्या घडीपासून सोनम होते. मग ती बाळंतपणाला नाही तर तापाने माहेरी आली, दवाखान्यात नवं नाव सांगितलं, की जुना कागद कुठून सापडणार? म्हणून चंद्रभान ओळखीतल्या प्रत्येक लग्नाला जाई. लोक जेवणाच्या पंगतीकडे पाहत, हा तांदळाच्या ताटाजवळ उभा राही. सोमवारी कामावर आला की त्या पोरीचा लहानपणचा कागद काढी, वर निळ्या शाईने नवं नाव आणि सासरचं गाव लिही, आणि तो पिवळ्या गठ्ठ्यात घाली. हे काम त्याला कोणी सांगितलं नव्हतं. कोणाला माहीतही नव्हतं. त्याचा सगळा अभिमान त्या पिवळ्या गठ्ठ्यात होता.

दोन वर्षांपूर्वी दिल्लीची योजना आमच्या तालुक्यापर्यंत पोचली. देशातल्या सगळ्या दवाखान्यांचे कागद आता संगणकात जाणार. प्रत्येक माणसाला आभा कार्ड, कार्डावर चौदा आकड्यांचा नंबर, आणि त्या नंबरामागे त्याचं सगळं दुखणं. पुढच्या दारात नवी खिडकी झाली, भिंतीवर चौकटीचं चित्र लागलं, त्यावर मोबाईल धरला की नाव आपोआप आत जाई. आणि त्या खिडकीमागे हिंगणघाटची वर्षाली येऊन बसली. वय चोवीस, आवाज गोड, बोटं अशी चालत की जणू कापूस वेचून राह्यली.

चंद्रभानच्या छातीत त्या दिवशी जे पेटलं ते विझलं नाही.

आधी लोक त्याच्या दाराशी थांबायचे, आता तिच्या खिडकीशी. आधी हुरड्याची पहिली पुडी त्याच्या टेबलावर यायची, आता तिच्या. कोणी तिला बोरं आणून देई, कोणी अंबाडीची भाजी. तिच्या खुर्चीला गादी होती. तिच्या डोक्यावर पंखा होता आणि तो फिरत होता. चंद्रभान पाण्याचं निमित्त करून दिवसातून सहा वेळा पुढे जाई आणि हे सगळं पाहून येई. वाईट असं, की पोरगी खरोखर चांगली होती. म्हाताऱ्यांचा मोबाईल हातात घेऊन समजावून सांगायची. त्याला ‘काका’ म्हणायची. ती वाईट असती तर त्याला जळणं सोपं गेलं असतं.

घरी त्याची बायको जयवंता म्हणाली, “तोंड काऊन असं करपल्या भाकरीवानी?”

“काई नाई.”

“पोरीच्या वयाची हाय ते तुमच्या. तिच्यावर जळून राह्यले काय?”

“मी कायले जळू? ते मशीनवर बसते. मी डोक्यावर चालवतो.”

“मंग डोकं थंड ठेवा न,” जयवंता म्हणाली. “वरण बी थंड होऊन राह्यलं.”

उन्हाळ्यात जुने कागद स्कॅन करायचा हुकूम आला. एकेक गठ्ठा पुढच्या खोलीत गेला. वर्षाली पट्टी सोडी, कागदाची कोपरं बोटाने सरळ करी, एकेक पान काचेवर ठेवी. निष्काळजीपणा केला असता तर त्याने आरडाओरडा केला असता. तिने तीही सोय ठेवली नाही. हिरवा गेला, निळा गेला, जांभळा गेला. मांडण्या उघड्या पडल्या.

“काका, झाले का सगळे?” शेवटी तिने विचारलं.

“झाले,” चंद्रभान म्हणाला.

पिवळा गठ्ठा त्याच्या पत्र्याच्या कपाटात होता, डब्याच्या पिशवीमागे. त्याने मनाशी पक्कं केलं होतं. एक दिवस तिचं यंत्र अडेल. कोणती रुपा कोणत्या घरची सोनम झाली, हे चौदा आकड्यांना काय माहीत? त्या दिवशी वर्षाली त्याच्या दारात येईल आणि म्हणेल, काका, तुम्हीच सांगा.

पण अडत काहीच नव्हतं. माहेरवाशिणी येत, खिडकीशी नवं नाव सांगत, जुनं काही दिसत नसे, म्हणून वर्षाली त्यांना नव्या पेशंट म्हणून नोंदवी आणि रांग पुढे सरके. काहीतरी राहून गेलं आहे हेच कोणाला कळत नव्हतं. चंद्रभान दाराकडे डोळे लावून बसे. दार रिकामंच राही.

सोयाबीनच्या कापणीच्या दिवसांत एका सकाळी सूरज नावाचा तरुण बायकोला मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. तिच्या पायाला विळा लागला होता, जखम पिकून पाऊल लाल झालं होतं. चंद्रभान पाण्याच्या निमित्ताने पुढेच होता. त्याने तिला पाहताक्षणी ओळखलं. नाचणगावच्या गोमाजीची नात. आईबाप लहानपणीच गेलेली, आजाने वाढवलेली रुपा. तिच्या लग्नात चंद्रभान तांदळाच्या ताटाजवळ उभा होता.

तिने मात्र त्याला ओळखलं नाही. तेही त्याला लागलं.

“नाव?” वर्षालीने विचारलं.

“सोनम,” सूरजनेच सांगितलं.

वर्षालीने कार्ड घेतलं, बोटं चालवली. “जुनं काही दिसत नाही. आधी कधी आला होता का?”

“आम्ही तं वर्ध्याकडचे मॅडम, हिच्या माहेरी कापणीले आलो. लग्नाले दोन वर्सं झाले. तवापासून तं नाई आली.”

“लहानपणी आली असन,” सोनम म्हणाली. “पण मले काई आठवत नाई.”

“मग नवीनच करते.”

चंद्रभानच्या मनात आनंद उसळला. खोटं कशाला सांगू, निव्वळ आनंद होता तो. अडलं! आता तरी तिने मान वळवावी. एकदाच. भिंतीशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला एकदा विचारावं. तो सगळं सांगणार होता, आजाच्या नावापासून.

वर्षालीने पुढच्या माणसाचा मोबाईल हातात घेतला.

सोनम आत गेली. डॉक्टर प्रेरणा मॅडमनी पाऊल दाबून पाहिलं. कोणतं औषध सोसत नाही का, हे विचारलं. सोनमने नाही म्हणून मान हलवली. संगणकावरही काही नव्हतं. मॅडमनी इंजेक्शन लिहिलं आणि आधी हातावर थेंबभर टोचून पाहायला सांगितलं. उघड्या दारातून चंद्रभानने ते औषधाचं नाव ऐकलं, आणि त्याच्या आनंदाचं पाणी झालं.

चार वर्षांची रुपा त्याला दिसली. हेच औषध होतं. त्या वेळीही थेंबभरच टोचलं होतं, आणि पोरीचे ओठ सुजले, श्वास अडकला, गोमाजी व्हरांड्यात कपाळ बडवत होता. तिच्या कागदावर त्या वेळच्या डॉक्टरांनी लाल शाईने दोन ओळी लिहिल्या होत्या. तो कागद पत्र्याच्या कपाटात, डब्याच्या पिशवीमागे होता.

नर्स तबक घेऊन निघाली.

“थांबा!” चंद्रभान ओरडला. “सिस्टर, टोचू नका. ह्या पोरीले हे चालत नाई.”

आणि तो धावला. बत्तीस वर्षांत त्या व्हरांड्यातून तो कधी धावला नव्हता. कपाट उघडलं, पिवळी पट्टी दातांनी ओढून सोडली, कागद घेऊन परत आला. मॅडमनी लाल ओळी वाचल्या, वरचं निळ्या शाईतलं नाव वाचलं, आणि तबक परत पाठवलं. दुसरं औषध दिलं. सोनम कॉटवर बसून कधी त्या कागदाकडे, कधी या अनोळखी म्हाताऱ्याकडे पाहत होती.

गलका ऐकून वर्षालीही आत आली होती. मॅडम तिच्याकडे वळल्या. “जुने कागद उन्हाळ्यातच स्कॅन झाले ना? मग हा कसा राहिला?”

वर्षालीने कागद पाहिला. मग चंद्रभानच्या मुठीतली पिवळी पट्टी पाहिली. तिला सगळं कळलं, हे त्यालाही कळलं. ती हळूच म्हणाली, “माझ्याच हातून सुटला असेल, मॅडम. माझी चूक.”

चंद्रभानला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण छातीत जुनीच आग उठली, आधीपेक्षा मोठी. खिडकी हिची, रांग हिची, हुरडा हिचा. आता मनाचा मोठेपणाही हिचाच? लोक म्हणतील, पोरीने म्हाताऱ्याला सांभाळून घेतलं. नाही. एवढं तरी तो देणार नव्हता.

“हिच्या हातून काई सुटलं नाई,” तो म्हणाला. आवाज साऱ्या व्हरांड्यात गेला. “गठ्ठा म्या दडवला होता. अख्खा. समजून उमजून दडवला.”

“का?” मॅडमनी विचारलं.

“हिच्यावर जळत होतो म्हणून.”

रांगेतली माणसं वळून पाहू लागली. सूरज उठून उभा राहिला, त्याच्या मुठी आवळल्या होत्या. “माही बायको मेली असती न, काका!”

“व्हय,” चंद्रभान म्हणाला. “मेली असती.”

त्याने नजर खाली घातली नाही. मॅडमनी त्याला लेखी खुलासा मागितला, आजच्या आज.

दुपारी वर्षाली त्याच्या खोलीच्या दारात आली. ती या दारात यावी म्हणून त्याने उन्हाळ्यापासून वाट पाहिली होती. “काका, खुलासा टाईप करून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे.”

“नको. माह्या हातानं लिहितो.”

त्याने तो निळ्या शाईत, वळणदार अक्षरात लिहिला. एक शब्दही लपवला नाही. पुढे चौकशी झाली, वार्षिक वाढ थांबली, खोलीची किल्ली त्याच्याकडून काढून घेतली.

पिवळ्या गठ्ठ्यातले कागद जोडायला मात्र त्यालाच बसवावं लागलं, दुसऱ्या कोणाला ती घरं माहीतच नव्हती. तो माहेरचं नाव सांगे, सासरचं सांगे, आणि वर्षाली दोन्ही एका नंबराखाली आणी. आठवडाभर दोघं शेजारी बसले होते. तिची बोटं त्याच्या बोलण्याच्याही पुढे पळत होती. चंद्रभान त्या बोटांकडे पाहत नावं सांगत राहिला, आणि अजूनही जळत होता.