तिसरी शिट्टी

मुलांनो, डोंबिवलीला आमच्या भिंतीपलीकडे एक संगीतकार राहायचा. इलेक्ट्रॉनिक की-बोर्डवर सगळी वाद्यं एकटाच वाजवायचा आणि घरातच रेकॉर्डिंग करायचा. आवाज नको म्हणून पंखा बंद आणि खिडकीला गोधडी. त्याआधी आमच्या दारात येऊन विचारायचा, "काकू, कुकर लावलात?"

"नाही रे. तुझं झालं की लावते."

तुमचे आजोबा म्हणायचे, "म्हणजे आज जेवण त्याच्या तालावर!"

कल्याणची एक छोटी कंपनी त्याच्या कॅसेटी काढायची. ती सोडून मोठ्या कंपनीत जाताना त्याने आपल्या आवडत्या जुन्या रचना निवडून त्यांची एक कॅसेट केली आणि तिची पहिली प्रत आम्हाला दिली. ऐकताना मी दचकले. एका रचनेत माझ्या कुकरची शिट्टी! कधीतरी मी विसरले असणार. त्याच्या इतक्या वर्षांच्या कामाला मी डाग लावला होता.

तशीच त्याच्याकडे गेले. "अरे, ही राहिली कशी? काढून टाक."

"राहिली नाही, ठेवलीय. पुढे ऐका ना, काकू."

घरी येऊन ऐकलं. दुसऱ्या शिट्टीनंतर की-बोर्ड थांबला होता. माझी डाळ तीन शिट्ट्यांची, हे त्याला ठाऊक होतं. तिसरी झाल्यावरच त्याने पुढचा सूर लावला होता.