दोन प्लेट

कतारमध्ये दोहा शहरातल्या नजमा भागात राहायला आल्यापासून दर शुक्रवारी आम्ही दोघं पायी निघतो आणि दिसेल त्या नव्या हॉटेलात जेवतो. नेपाळी झालं, येमेनी झालं. बायकोचा शेरा सगळीकडे एकच: मीठ कमी.

एकदा इथिओपियन हॉटेलात शिरलो. परातीएवढ्या ताटात आंबोळीसारखी मोठी आंबट पोळी आली, तिच्यावर डाळी-भाज्यांचे ढीग. ताट मात्र एकच. आमच्या घरी उष्टं चालत नाही, नवराबायकोतही नाही. मी दोन रिकाम्या प्लेट मागितल्या.

मालकीणबाईंनी त्या आणल्या, पण हातातच धरून ठेवल्या आणि हळूच इंग्रजीत विचारलं, "तुमचं भांडण झालंय का?"

मी नाही म्हणालो. त्यांना ते पटलं नाही. शेजारच्या टेबलावर एकजण बायकोला घास भरवत होता. तिकडे बोट दाखवून बाई तिथेच उभ्या राहिल्या. मला असली नाटकं आवडत नाहीत, पण जेवण गार होत होतं. मी एक घास करून बायकोच्या तोंडाशी धरला. लग्नाच्या पंगतीनंतर पहिल्यांदाच.

तिने तो सावकाश चावून खाल्ला.

"मीठ बरोबर आहे," ती म्हणाली.