धाकू राऊळने बुजवलेली जाळी

जोगेश्वरीच्या आमच्या बैठ्या चाळीत धाकू राऊळइतका हट्टी माणूस दुसरा नव्हता, आणि बायकोवर इतका जीव टाकणाराही दुसरा नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात आल्या की काय होतं, ते मी शेजारच्या खोलीत राहून पाहिलं. मला त्याचा भयंकर राग यायचा. अजूनही येतो, पण आता तो फार वेळ टिकत नाही.

धाकू मालवणकडचा. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणतात त्या खात्यात, त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली. ब्याऐंशी साली संप सुरू झाला आणि जन्मात पहिल्यांदा हा माणूस दिवसभर घरात बसू लागला. नवरा घरात बसला की त्याला घरातल्या गोष्टी दिसायला लागतात, हे कुठल्याही बाईला विचारा. धाकूला दिसली ती जाळी.

आमच्या चाळीचे मालक युस्टेस, गावठाणातले जुने ख्रिस्ती. चाळ बांधताना त्यांनी प्रत्येक खोलीच्या मागच्या भिंतीत भोकं असलेल्या विटा बसवून घेतल्या होत्या, काही खाली जमिनीलगत, काही वर कौलांखाली. आम्ही त्यांना जाळी म्हणायचो. जागा मुळात ओलसर, एका अंगाला डोंगर आणि मागे नाला. पुढच्या दारातून आलेला वारा जाळीतून बाहेर पडायचा आणि जाताना खोलीतली ओल घेऊन जायचा. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. जाळीपुढे ट्रंक ठेवली की भिंतीला बुरशी धरते, एवढं चाळीतल्या प्रत्येकीला अनुभवाने माहीत होतं.

धाकूचा अनुभव गिरणीतला. साचेखात्यात खिडक्या कायम बंद ठेवत आणि हवेत पाण्याचा फवारा सोडत. बाहेरचा कोरडा वारा आत शिरला की धागा सुकतो, आणि सुकला की तुटतो. दार उघडं टाकणाऱ्याला तिथे आईबहिणीवरून शिव्या बसत. त्या दमट हवेत उभा जन्म काढल्यावर वारा म्हणजे नुकसान, हे धाकूच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्याची बायको विमला दम्याची. थंडीत तिचा खोकला वाढला तेव्हा त्याने खालच्या जाळीपाशी हात धरून पाहिला. गार झुळूक लागली. झालं, त्याला चोर सापडला.

विमलाने सांगून पाहिलं. "वारो येवंदे जरा," ती म्हणाली, "माझो जीव घुसमटता." त्यावर त्याने तिला समजावलं की या वाऱ्यानेच तर तुला खोकला येतो. मी मध्ये पडले तर मला म्हणाला, तू आपली खोली बघ. मग सिमेंट आणून त्याने सगळ्या विटांची भोकं बुजवली, आतून बाहेरून गिलावा केला आणि वर चुना मारला. हातात कसब होतं मेल्याच्या. तिथे कधी जाळी होती, असं सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं. त्या दिवशी त्याने चाळीतल्या लोकांना बोलावून बोलावून भिंत दाखवली.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. चाळीमागे नाल्यापर्यंत जी मोकळी जागा होती तिथे कुणी ना कुणी झोपडं उभारायच्या बेतात असायचंच. पण ज्या भिंतीत जाळी आहे तिला टेकून कुणी बांधायचं नाही, हा नियम होता. कागदावर कुठे नव्हता, तरी सगळे पाळत. कोरी भिंत असली तर मात्र तिला टेकायला हरकत नसे, तेवढाच एका भिंतीचा खर्च वाचायचा. उन्हाळ्यात धाकूच्याच गावचा लवू, तोही संपात उघड्यावर पडलेला, गरोदर बायकोला घेऊन आला आणि जागा शोधू लागला. युस्टेस येऊन भिंत बघून गेले. भिंत कोरी होती. धाकूने तर स्वतः लवूचे बांबू धरले. गाववाल्याला आसरा दिला म्हणून तो खूश होता.

पावसाळा आला आणि धाकूच्या खोलीत ओल चढू लागली. आधी जमिनीलगत, मग हळूहळू वर. चुना पापुद्रे धरून गळू लागला. बरणीतलं मीठ पाझरायचं, ट्रंकेतल्या लुगड्यांना कुबट वास यायचा, आणि विमला रात्रंदिवस उशीला टेकून बसलेली. पुढचं दार उघडं असून काय उपयोग? बाहेर पडायला वाट नसली की वारा उंबऱ्यावरच थांबतो. मी हे धाकूला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि भिंतीच्या बुडाला डांबर फासलं. डांबराच्या वासाने ती आणखी हैराण झाली. मग त्याने प्लास्टिकचा कागद लावला, त्याच्यामागे पाणी साचलं. शेवटी भिंत सुकवायला म्हणून त्याने कोळशाची शेगडी पेटवून खोलीत ठेवली. विमलाचे ओठ काळेनिळे पडले तेव्हा आम्ही तिला उचलून अंगणात आणलं. धाकू तिच्या पायाशी बसून स्वतःच्या तोंडात मारून घेत होता. त्याचं प्रेम पाहून जीव तुटायचा, आणि त्याची अक्कल पाहून तोच जीव घ्यावासा वाटायचा.

तिला सरकारी इस्पितळात ठेवलं. खाट मिळाली ती खिडकीजवळची. मी डबा घेऊन गेले होते तेव्हा धाकू स्टुलावर बसून होता. खिडकी सताड उघडी, वारा थेट विमलाच्या अंगावर येत होता, आणि ती पाठ टेकून झोपली होती. कित्येक महिन्यांत तिला आडवी झोपलेली आम्ही कुणी पाहिली नव्हती. धाकू एकदा खिडकीकडे बघायचा, एकदा तिच्याकडे. मग उठला, माझ्या हातातला डबा खाली ठेवला आणि निघून गेला.

तो थेट युस्टेसकडे गेला. लवूला उठवा, म्हणाला, मला जाळी पुन्हा उघडायची आहे. युस्टेस भला माणूस, पण उत्तर त्यांच्याकडेही एकच होतं. "जाळी असती तर मी त्याला तिथं उभा तरी राहू दिला असता का? तूच बुजवलीस, धाकू. आता ओल्या बाळंतिणीला मी कुठं घालवू?"

कारण लवूच्या बायकोला, प्रेमाला, नुकताच मुलगा झाला होता.

मग धाकू लवूच्या दारात गेला. मी नळावरून येत होते, ते मला दिसलं. लवू त्याला काका म्हणायचा, त्याला मुलगा शोभेल अशा वयाचा. धाकू त्याच्यापुढे खाली वाकला आणि त्याचे पाय धरू लागला. लवू मागे सरून भिंतीला चिकटला, त्याला तोंड लपवायला जागा उरली नाही. शेवटी आतून प्रेमा बोलली. म्हणाली, घर मोडायला नको. खालची एक वीट काढून घ्या. मी तिच्यापुढे काही ठेवणार नाही आणि माझं दार दिवसभर उघडं ठेवीन.

धाकूने पहारीने वीट काढली. विमला घरी आली ती त्या भोकाशीच बसायला लागली. नाल्यावरचा वारा प्रेमाच्या दारातून शिरायचा, तिच्या चुलीवरून, बाळाच्या झोळीखालून इकडे यायचा. त्याला फोडणीचा आणि बाळंतशेपाच्या धुरीचा वास असायचा. विमलाला तो पुरायचा. इकडचं भांडण तिकडे, तिकडचं रडणं इकडे, कुणाचं काही झाकलेलं राहिलं नाही. लवूच्या घरातली लाजच त्या भोकातून निघून गेली, पण प्रेमाने कधी तिथे फडकं लावलं नाही. विमला त्या बाळाला पलीकडून गोष्टी सांगायची. भिंतीचा खालचा भाग सुकायला लागला होता. मला खरंच वाटलं होतं की ती तगेल.

पुढच्या पावसाळ्यात झड लागली ती नाल्याच्या बाजूने. लवूच्या घराला ते एकच दार, त्यातून पाऊस थेट झोळीपर्यंत यायचा. तरी प्रेमा दार उघडं ठेवून, बाळाला पोटाशी धरून कोपऱ्यात बसायची. बाळ शिंकायला लागलं. त्या दिवशी लवूने दार लावून घेतलं. इकडे विमलाची छाती भात्यासारखी चालू झाली तसा धाकू भोकाशी तोंड नेऊन ओरडला, दार उघड म्हणून, नको नको ते बोलला. विमलाने त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग तिने स्वतः खाली वाकून, एकेक शब्द ओढत, पलीकडे सांगितलं, "प्रेमा, दार लावूनच ठेव गो. झील भिजतलो."

दोन दिवस पाऊस उसंत घेईना. रस्त्यावर कमरेएवढं पाणी, इस्पितळात न्यायची सोय नाही. धाकूने तिला पाठीमागून धरून बसवली होती. मी पाय चोळत होते. ती त्याच्या अंगावर टेकूनच गेली. तो बराच वेळ तिला वारा घालत राहिला, आणि त्याला थांबवायचं धाडस माझ्यात नव्हतं.

तेरावं झाल्यावर लवू आला. हातात घमेलं, त्यात कालवलेलं सिमेंट. त्याला बिचाऱ्याला वाटलं असणार, आता या म्हाताऱ्याला ते भोक डोळ्यांसमोर नको असेल. तो धाकूकडे न बघता म्हणाला, काका, मी बुजवून टाकतो. पाऊस कोसळतच होता, लवूचं दार बंद होतं आणि आत कोंडलेल्या खोलीत बाळ खोकत होतं. आम्हाला सगळ्यांना ते भोकातून ऐकू येत होतं.

"रवांदे ती जाळी," धाकू म्हणाला. "तुझ्या पोराक हवा खयसून येतली?"

लवू घमेलं घेऊन परत गेला. धाकू उठला आणि त्याने आपलं पुढचं दार सताड उघडलं. पावसाचं पाणी आत आलं, विमलाच्या अंथरुणाच्या जागेपर्यंत जमीन ओली झाली, आणि तो तिथेच बसून राहिला.