आमच्या पैलवानाचं काळीज

माझ्या ताईच्या मुलीला सगळे पैलवान म्हणतात. नाव मीच ठेवलंय, तेव्हा शिव्या घालायच्या तर मला घाला. पोरगी फर्निचरच्या दुकानात कामाला आहे. पाठीवर कपाट घेऊन जिने उतरते आणि खाली पोचल्यावर धापही टाकत नाही. दिसायला गुटगुटीत, म्हणून ऐरेगैरे तिला कमी खायचा सल्ला देतात. ते ऐकलं की माझं डोकंच फिरतं.

एकदा ती मेडिकल कॉलेजात टेबलं पोचवायला गेली. तिथे निरोगी तरुण मुलामुलींची हृदयं तपासत होते. अंगात चरबी किती, स्नायू किती आणि त्याप्रमाणे हृदय कसं घडतं, हे त्यांना बघायचं होतं. ही बया हात पुसून तिथेच आडवी झाली. इको काढणारी बाई म्हणाली, "डावा कप्पा जरा मोठा दिसतोय. बाकीच्या तपासण्या करून सांगू. पुढच्या आठवड्यात घरच्यांना घेऊन या."

झालं. ताईच्या पायाखालची जमीनच सरकली. भावजींचं हृदय असंच मोठं झालं होतं आणि त्यातच ते गेले. तिने लेकीचं काम बंद केलं. पाण्याची बादलीसुद्धा उचलू देईना. स्वतःचे गुडघे धड नाहीत, तरी पिशव्या घेऊन चौथ्या मजल्यापर्यंत कण्हत चढायची. लेक मागून रिकाम्या हातांनी यायची, काहीतरी गुन्हा केल्यासारखी. "मावशी, मला खरंच काही होत नाहीये गं," ती मला म्हणाली. मी तिला झापलं, कारण मलाच रडू येत होतं.

आठवड्याने आम्ही तिघी डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. ताईने लेकीचा हात घट्ट धरून ठेवला होता.

"दोघांचं वजन सारखं असलं, तरी ज्याच्या अंगात स्नायू जास्त, त्याचं हृदय सहसा मोठं असतं," बाई म्हणाल्या. "चरबीपेक्षा स्नायूंशी त्याचं नातं जवळचं. हिच्या अंगात स्नायू भरपूर आहेत. हृदय त्यांच्या मापातच आहे आणि काम उत्तम करतंय. वडिलांच्या आजाराची खूण कुठे दिसत नाही. तरी वर्षाने एकदा दाखवून जा." मग कौतुकाने त्यांनी विचारलं, "एवढी ताकद कमावलीस कुठे? दुकानात?"

"त्याच्याही आधी. बाबांना जिना चढवत नसे. मी त्यांना रोज पाठीवर घेऊन खाली उन्हात बसवायचे आणि परत वर न्यायचे."

रिक्षात मी दोन-तीनदा विषय काढून पाहिला, तर ताई बाहेर बघत राहिली.

घरी आल्यावर ती पहिल्या पायरीशी थांबली. हातातली पिशवी माझ्याकडे दिली आणि लेकीच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले.

"घे मला," ती म्हणाली.

पैलवान वाकली, आईला पाठीवर घेतलं आणि चढायला लागली. मी पिशवी ओढत मागे. दुसऱ्या मजल्यावर माझाच दम संपला. वर पाहिलं तर ताईने डोळे मिटून लेकीच्या पाठीला कान लावला होता.

"झोपलीस की काय गं?" मी विचारलं.

"गप बस जरा," ताई म्हणाली. "ऐकतेय."