एनॉक बर्केटची बैठक

स्केलबेकच्या एका बाजूला आयरिश समुद्र आहे आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. समुद्रावरून निघालेला पाऊस डोंगरापर्यंत जायचा कंटाळा करतो आणि आमच्या गाजरांवरच पडून घेतो. मार्च ते मे या दिवसांना कॅलेंडरात वसंत ऋतू म्हटलेलं असतं. कॅलेंडरं लंडनला छापतात.

गावामागच्या उतारावर नगरपालिकेने भाजीसाठी भाड्याने दिलेले जमिनीचे पट्टे आहेत. तिथे खपणाऱ्या माणसापुढे वर्षानुवर्षं एकच प्रश्न असतो : माती उबणार कधी? बी लवकर टाकलं तर कुजतं, उशिरा टाकलं तर शेंग धरायच्या आत पुढची थंडी दारात उभी. वाफसा नेमका गाठावा लागतो. इतर गावांत लोक त्यासाठी मातीत बोट खुपसतात, आभाळाकडे बघतात, किंवा शेजारी काय करतो ते बघून त्याच्या उलट करतात. आमच्या गावात त्यासाठी एनॉक बर्केट बसत असे.

बसत असे म्हणजे खरोखरच बसत असे. ठरलेल्या शनिवारी सकाळी तो आपल्या वाफ्यापाशी जायचा, कमरेचा पट्टा सोडायचा, विजार खाली घ्यायचा आणि उघड्या बुडाने मातीवर टेकायचा. त्याचं म्हणणं असं, की कामाने बोटं निबर होतात, चेहरा वाऱ्याने रापतो, पण हा एक भाग देवाने जन्मभर झाकून ठेवलेला असल्यामुळे त्याची समज शाबूत राहते. त्याचे वडील बसत, आजोबा बसत. एनॉकने तर उभं आयुष्य व्हाइटहेवनची बस चालवत बसून काढलं होतं. म्हणजे उपकरण रोजच्या वापरातलं होतं.

तो पट्ट्याला हात घाली तेव्हा आम्ही सगळे पाठ फिरवून डोंगराकडे बघायचो. डोंगर ढगात असायचे, तरी बघायचो. मागून 'बसण्याजोगी आहे' असा आवाज आला की पेरणी. 'उठलेलं बरं' आला की चहा. कोणी वाद घातल्याचं मला आठवत नाही. एक तर तो सहसा चुकत नसे, आणि दुसरं म्हणजे, अशा प्रकारे मिळवलेल्या माहितीवर फेरतपासणी मागायची कोणाची तयारी नसे.

या प्रथेला गावात विरोध एकटीचा होता : एनॉकची थोरली बहीण एडिथ मॉसप. ती चॅपलमध्ये ऑर्गन वाजवायची आणि एनॉकच्या शेजारचाच पट्टा कसायची, पण बसण्याच्या शनिवारी तिकडे फिरकत नसे. "रविवारी मी भजन सुरू केलं की मागचे लोक माझ्याकडे बघतात," ती म्हणायची, "आणि मला ठाऊक असतं, आदल्या दिवशी ते कशाकडे बघत नव्हते."

त्या हिवाळ्यात एनॉकच्या खुब्याचा सांधा बदलला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, की त्या भागात थोडे दिवस बधिरपणा राहील. एनॉकने मान हलवली. डॉक्टरांचं बोलणं संपवायला तो नेहमी मान हलवायचा.

एप्रिलमध्ये तो बसला. आम्ही डोंगराकडे वळलो. नेहमी तो बसल्याबसल्या एक हुंकार द्यायचा, या वेळी तोही नाही. थोड्या वेळाने त्याचा थक्क झालेला आवाज आला, "अरे, चांगलीच बसण्याजोगी आहे!"

माझ्या शेजारी नेव्हिल प्रॉक्टर उभा होता. हा लेस्टरहून निवृत्त होऊन आलेला चष्म्याच्या दुकानाचा मालक. त्याच्याकडे मातीत खुपसायचा थर्मामीटर होता. आम्ही त्याला काडी म्हणायचो. तो हळूच म्हणाला, "सकाळी मी मोजलं. माती बर्फासारखी आहे."

"मग तुम्ही थांबा," मी म्हटलं.

तो थांबला नाही. सगळे वाकून पेरत असताना आपण एकटंच ताठ उभं राहायचं, हे त्याला उद्धटपणाचं वाटलं असावं. त्यानेही गाजरं, बीट, वाटाणा, सगळं पेरलं. इतक्या थोड्या दिवसांत तो आमच्यात इतका मुरेल असं वाटलं नव्हतं.

त्यानंतर आठवडेच्या आठवडे गार पाऊस पडला आणि काहीही उगवलं नाही. मी एक वाटाणा उकरून पाहिला. तो फुगून बुळबुळीत झाला होता आणि त्याला वास येत होता. पण एनॉकला सांगायचं कोणी? आमच्याकडे माणसाचं घर जळत असलं तरी आधी हवामानाबद्दल बोलतात. मी सरळ बस धरून पुढच्या गावच्या बियाण्याच्या दुकानात गेलो, म्हणजे ओळखीचं कोणी भेटायला नको. दुकानात आमच्या चहाच्या खोपटाचा कारभार बघणारी म्यूरिएल पाठीमागे हात घेऊन उभी होती.

"मांजराचं खाणं घ्यायला आले होते," ती म्हणाली.

"इथे मिळतं?"

"नाही मिळत. म्हणून तर उभी आहे."

तिच्यामागे आमच्याच उतारावरचे आणखी दोघं कपाटांआड पाठमोरे उभे होते. पाठ फिरवायची आम्हाला सवयच. मी गाजराचं बी घेतलं आणि कोणालाच न पाहता बाहेर पडलो.

मग सगळ्यांनी चोरून दुसरी पेरणी केली. रेनकोट पसरून त्याखाली, तण उपटल्याचं सोंग करत, घाईघाईत. म्यूरिएलची गाजरं पुढे उगवली ती ओळीत नाही, तर दारू पिऊन घरी निघालेल्या माणसासारखी. एनॉक काठी टेकत आला की त्याला सगळे आळीपाळीने सांगायचे, "तुझं बसणं नेहमीसारखं अचूक हं. यंदा जरा सावकाश येतंय, एवढंच." तोही मान हलवायचा, पण डॉक्टरांपुढे हलवायचा तशी. त्याच्या स्वतःच्या वाफ्यात तर काळ्या मातीपलीकडे काही नव्हतं.

मेच्या सुरुवातीला, घेवडा टोकायच्या आधी, चहाच्या खोपटात नेव्हिलने विषय काढला. "मी मिस्टर बर्केटांविरुद्ध बोलत नाही," तो म्हणाला, "पण घेवडाही गेला तर वर्ष गेलं. या खेपेला चूक झाली, तर यापुढे ही काडी इथे भिंतीवर लावू आणि तिचं ऐकू. एवढंच."

म्यूरिएलने त्याच्यापुढे बिस्किटांचा डबा सरकवला. आमच्याकडे हा होकार असतो. दारात एनॉक उभा होता. त्याने बिस्किटं पाहिली, "पाऊस थांबेलसं वाटत नाही," म्हणाला, आणि परत फिरला.

त्यानंतर एडिथच्या स्वयंपाकघरात जे घडलं, ते तिने एकट्या म्यूरिएलला, कोणालाही न सांगण्याच्या अटीवर सांगितलं. म्हणून आम्हा सगळ्यांना ते माहीत आहे.

एनॉक बहिणीकडे चहाला गेला होता. आल्याचा केक खाऊन झाला, दुसरा कप भरला, आणि एडिथ ओट्याकडे, टेबलाकडे, सगळीकडे बघायला लागली.

"एनॉक, ऊठ."

"चहा संपू दे की."

"ऊठ म्हणते ना! कशावर बसलायस?"

"खुर्चीवर. माणसं बसतात."

"त्या खुर्चीवर मी मासा ठेवला होता. बर्फातला."

एनॉक उठला. खुर्चीवर कागदात गुंडाळलेला हॅडॉक होता. अर्धा अजून दगडासारखा, अर्धा चपटा.

"मला वाटलं, तू नवी उशी आणलीस," तो म्हणाला.

"गार नाही लागला?"

"नाही."

एडिथने त्याच्याकडे पाहिलं, माशाकडे पाहिलं. "आणि एप्रिलमध्ये?"

एनॉकने माशाला बोट लावून पाहिलं. "एप्रिलमध्येही नाही लागलं. मला वाटलं, यंदा देवाच्या कृपेने लवकर उबली."

"देवाला मध्ये आणू नकोस. ऑर्गन मी वाजवते."

एनॉक परत बसला. या वेळी आधी खुर्चीवरून हात फिरवून. "शनिवारी सांगून टाकतो सगळ्यांना. यंत्र बिघडलं म्हणतो. लावा म्हणावं ती काडी."

"सांग. आणि पुढच्या वर्षी, सगळे त्या काडीभोवती जमले की तू काय करशील?"

"टीव्ही बघेन."

"शनिवारी सकाळी काय असतं टीव्हीवर?"

"स्वयंपाक," एनॉक म्हणाला.

त्याची बायको हेटी गेली त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि तो रोज डब्यातलं सूप गरम करून प्यायचा. एडिथने त्याच्या ताटलीत न विचारता केकचा आणखी एक तुकडा टाकला.

"असं कर," ती म्हणाली, "त्या प्रॉक्टरची काडी गुपचूप बघून घे आणि बसून तेच सांग. तसंही सगळे पाठमोरेच असतात."

"छे. मी खोटं बसणार नाही, एडी. बाबा एकदाही खोटं बसले नाहीत. बसायचं तर खरं बसायचं." आणि मग तो तिच्याकडे बघायला लागला.

"असा काय बघतोस?"

"तूही बर्केटच आहेस."

"मी मॉसप आहे. लग्न होऊन जन्म लोटला."

"लग्नाने आडनाव बदलतं. बाकी सगळं..."

"एनॉक! या घरात बायबल आहे."

"मी कुठे काय बोललो?"

"तू विचार केलास."

"लहानपणी चॅपलच्या बाकावर सगळी पोरं गप्प बसायची, आणि तू एकटी 'गार आहे, गार आहे' म्हणून भोकाड पसरायचीस. आठवतं? बाबा म्हणायचे, पोरीची जाण माझ्याहून बारीक आहे. मुलगा असती तर एनॉकला बसवलंच नसतं."

एडिथने चहाची किटली खाली ठेवली. "बाबा असं म्हणायचे?"

"नेहमी."

"मला कधी बोलले नाहीत."

"मुलीला कसं बोलणार हे?"

एडिथने मासा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि पातेल्यात टाकला. दोघांनी मग तोच जेवायला खाल्ला. त्याबद्दल तिने म्यूरिएलला अधिक काही सांगितलं नाही.

शनिवारी बारीक पाऊस होता. एनॉक आला, आणि त्याच्या मागोमाग चॅपलचा लांब काळा कोट आणि टोपी घालून, छत्री घेऊन एडिथ. बसण्याच्या दिवशी तिला आम्ही प्रथमच पाहत होतो. म्यूरिएल म्हणाली, "ओल फार आहे आज, एडिथ." एडिथ म्हणाली, "हो ना." एवढ्यावर सगळे डोंगराकडे वळले.

पट्ट्याच्या बकलाचा आवाज आला नाही. छत्री उघडल्याचा आला. मग बरंच कापड सळसळलं.

"जरा पलीकडे सरक," एनॉकचा आवाज, "तिथे गोगलगाय आहे."

"मला शिकवू नकोस. तू पाठ फिरव आधी!"

"मी फिरवली तर छत्री कोण धरणार?"

"पाठ फिरवून धर!"

माझ्या शेजारी नेव्हिलची मान हळूहळू वळायला लागली.

"नेव्हिल," म्यूरिएल समोर बघतच म्हणाली, "डोंगर बघा."

"डोंगर दिसत नाहीयेत."

"म्हणूनच नीट बघा."

मग उतारावरून थेट समुद्रापर्यंत जाईल अशी किंकाळी आली, "अगं आई गं!" ती बाईची होती, आणि सुरातली होती. आमच्यापैकी एकही माणूस हलला नाही. एका म्हाताऱ्याने तर हातातला पाइप विझलेला असूनही ओढला.

मग एनॉकचा धीरगंभीर आवाज आला, "उठलेलं बरं."

"ऐकलंत ना," म्यूरिएल म्हणाली. "चहा."

खोपटात एडिथ आली तेव्हा तिच्या काळ्या कोटाच्या मागच्या बाजूला चिखल लडबडला होता. सगळे पुरुष एकदम उठले आणि तिच्यापुढे पाच-सहा खुर्च्या आल्या. "मी उभीच बरी," ती म्हणाली, आणि दोन्ही हात कपाभोवती धरून, खिडकीबाहेर बघत चहा प्यायली.

पुढच्या शनिवारी पुन्हा छत्री, पुन्हा सळसळ. या वेळी बराच वेळ शांतता होती. एखाद्याने ऊन खात बसावं तशी. मग "बसण्याजोगी आहे," असं एडिथ स्वतःच बोलून गेली, आणि लगेच एनॉकने खाकरून तेच जाड आवाजात म्हटलं. आम्ही दुसऱ्यांदा सांगितलेलं ऐकलं आणि घेवडा टोकला.

यथावकाश तो सगळ्यांच्या पट्ट्यांत वर आला, पाठीला बाक असलेल्या माणसासारखा माती उचलत. एनॉकच्याही. तो काठ्या रोवत असताना नेव्हिल त्याच्याकडे गेला. आम्ही आपापल्या कामात होतो. म्हणजे ऐकत होतो.

"मिस्टर बर्केट, काडीचा विषय मी मागे घेतो. दोन्ही शनिवारी मी मोजलं होतं. तुमचं बरोबर निघालं."

एनॉक लाल झाला. त्याने काठी खाली ठेवली. "हे बघा नेव्हिल, खरं सांगायचं तर ते माझं..."

"खरं सांगायचं तर ते घराण्यातच आहे," शेजारच्या वाफ्यातून एडिथ म्हणाली. ती गुडघ्यांवर बसून सलगम विरळ करत होती, आणि तिने मानही वर केली नाही. "आणि एनॉक, पुढच्या वर्षी तो वाफा आधी चाळून ठेव. खडे फार आहेत."