पेन्शन विकू न देणारी बाई

वडील येलदरी धरणाच्या कचेरीत कारकून होते. अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि शाल-नारळ घेऊन घरी आले. त्या काळी बहुतेक जण निवृत्त होताच पेन्शन विकायचे, म्हणजे पुढची कितीतरी वर्षं दरमहा कमी घ्यायचं आणि त्याबदल्यात एकरकमी पैसा उचलायचा.

वडिलांचे धाकटे भाऊ, माझे काका, यांच्या डोक्यात कायम एखादा धंदा शिजत असे. या खेपेला जीप होती.

"दादा, पेन्शन विका. जिंतूर-चारठाणा जीप चालवू. लय पॅसिंजर हाय."

वडिलांनी पानाला चुना लावता लावता स्वयंपाकघराकडे बोट केलं. "माझी ना न्हाई रे. पर ही नको म्हणायलीय."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "व्हय भावजी, मीच नको म्हणायलेय."

काका चहा न पिताच उठले. मग भावकीत आई कजाग ठरली. मला आईचा भयंकर राग आला. मी तिला जाब विचारायला आत गेले, तर ती भाकरी थापत हसत होती.

"मी ह्यांना नको म्हणून एक शब्द बोलले न्हाई गं. त्यांचंच ठरलंय. एकदम पैसा आला की कुणीबी मागावं अन् ह्यांनी द्यावं. हे त्यांनाबी ठावं हाय. पर भावाला तोंडावर न्हाई म्हणणं त्यांच्यानं होत न्हाई."

तेव्हा उमगलं, वडील नोकरीभर अख्खा पगार आईच्या हाती देऊन पानापुरते पैसे मागून का घेत होते. स्वतःला पुरते ओळखून होते ते.

काकांनी पुढे कुठून तरी जुनी जीप मिळवलीच. रुसवा विरला. पेन्शनच्या दिवशी तेच दोघांना जिंतूरच्या बँकेत न्यायचे. आमचं घर त्या पेन्शनवर मजेत चाललं होतं. एकदा मीही सोबत होते. वाटेत काका म्हणाले, "वैनी, त्या साली तुमचा लय राग आला होता बघा."

"येणारच की," आई म्हणाली. वडील खिडकीबाहेरची ज्वारी बघत राहिले.

घरी आल्यावर वडील चुलीपुढे बसले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी चहा केला. साखर दुप्पट, पत्ती करपट. माझ्या घशाखाली एक घोट उतरला नाही.

आईने मात्र बशीत ओतून सगळा प्यायला.